अक्कांची राहिलेली यात्रा

वारणाकाठच्या एका गावात गेल्या दिवाळीच्या पहाटे जिनमंदिरात निर्वाणलाडू चढविण्यात आला आणि दुसऱ्या दिवशी वीर निर्वाण संवत २५५१ सुरू झाले. त्याच दिवशी अण्णांच्या सोप्यात दोन सख्ख्या भावांचे बोलणे तुटले. थोरला गावात राहून उसाची तीन एकर शेती पाहतो. धाकटा पुण्यात एका कंपनीत नोकरीस आहे. धाकट्याने घराच्या कर्जासाठी आपला हिस्सा मागितला. विहिरीचा गाळ काढण्यापासून नदीवरून पाइपलाइन आणण्यापर्यंत सारे आपण केले, मग वाटणी समान कशी, असा थोरल्याचा प्रश्न होता. शब्दाने शब्द वाढला. शेवटी कोणीतरी म्हणाले, "आई-अण्णांचेही ठरवून टाकू. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे." हे वाक्य दोघांपैकी कोणाचे, हे अण्णा आणि अक्का आजही सांगत नाहीत.

अण्णा हायस्कुलात गणित शिकवीत. अक्का गावच्या अंगणवाडीत सेविका होत्या. दोघेही आता निवृत्त. त्या रात्री अंथरुणे घालताना अक्का म्हणाल्या, "अहो, मला एकदा श्रवणबेळगोळला न्या." अण्णा काही बोलले नाहीत, कारण ही मागणी फार जुनी होती.

१९८१ साली भगवान बाहुबलींच्या मूर्तीच्या सहस्राब्दीचा महामस्तकाभिषेक झाला, तेव्हा अण्णा एकवीस वर्षांचे होते. गावातल्या मंडळींबरोबर ते गेले आणि ती गर्दी, तो दुधाचा आणि केशराचा वर्षाव डोळ्यांत साठवून परतले. लग्नानंतर त्याचे वर्णन त्यांनी अक्कांना कितीदा ऐकविले असेल, त्याची गणती नाही. पुढचा सोहळा १९९३ चा; तेव्हा मुले लहान होती. २००६ साली सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. २०१८ च्या फेब्रुवारीत पिशवी भरून तयार होती, तेवढ्यात पुण्याच्या सुनेचे दिवस भरले आणि अक्का दक्षिणेऐवजी उत्तरेच्या गाडीत बसल्या. प्रत्येक वेळी अण्णांनी "पुढच्या खेपेस" असे म्हटले होते. आता पुढची खेप बारा वर्षांच्या हिशेबाने २०३० साली. अण्णांनी मनाशी वजाबाकी केली आणि ते दुसऱ्याच दिवशी मिरजेच्या स्थानकावर तिकिटांच्या रांगेत उभे राहिले. तिकिटे त्यांनी चार काढली. दिवाळीची सुट्टी होती. थोरल्याची अकरा वर्षांची मुलगी घरीच होती आणि धाकटा रागाने पुण्यास निघून गेला असला तरी त्याचा मुलगा गावात राहिला होता. ज्याच्या जन्मामुळे अक्कांची यात्रा राहिली, तोच हा नातू. दोन्ही घरांतले एकेक नातवंड बरोबर असेल तरच जायचे, हे अण्णांनी ठरविले होते.

दशम्या, शेंगदाण्याची चटणी, केळी आणि गाळलेल्या पाण्याचे दोन कॅन एवढी शिदोरी घेऊन चौघे निघाले. पहाटे अंधारातच अरसीकेरे आले. तेथून चन्नरायपट्टणमार्गे मोटारीने जाताना नारळाच्या बागा आणि नाचणीची शेते उजेडात येऊ लागली. मग नातीने बोट दाखविले. दूरच्या खडकाळ टेकडीवर तटाच्या वर एक मस्तक दिसत होते. अक्कांनी चालत्या गाडीतच हात जोडले.

श्रवणबेळगोळ हे गाव दोन टेकड्यांच्या मध्ये वसले आहे. एक विंध्यगिरी, दुसरी तिच्याहून लहान अशी चंद्रगिरी. मधोमध दगडी पायऱ्यांनी बांधलेला कल्याणी नावाचा तलाव आहे. कन्नडमध्ये 'बेळ' म्हणजे पांढरे आणि 'कोळ' म्हणजे तळे. या धवल सरोवराने गावाला नाव दिले आणि श्रमणांच्या वास्तव्याने त्यापुढे 'श्रवण' हा शब्द लागला, असे सांगितले जाते.

विंध्यगिरीच्या सुमारे साडेसहाशे पायऱ्या एकाच अखंड खडकात खोदलेल्या आहेत. चढायचे ते अनवाणी. पायथ्याशी डोलीवाले उभे होते. अण्णांनी अक्कांच्या गुडघ्यांकडे पाहून त्यांच्याशी बोलणी सुरू केली, तशा अक्का म्हणाल्या, "चौघांच्या खांद्यावरून जायचंय ते एकदाच. आज पायांनीच जाते." दर वीस पायऱ्यांवर त्या कठड्याला टेकून थांबत. नात आणि नातू पुढे धावत आणि परत खाली येत. दोघांनीही पायऱ्या मोजायला घेतल्या होत्या. वर पोहोचेपर्यंत दोघांच्या आकड्यांत अकराचा फरक पडला आणि भांडण जुंपले. अण्णा गणिताचे शिक्षक. निवाडा त्यांच्याकडे आला. "खाली-वर पळताना तुम्ही दोघेही चुकलात," ते म्हणाले, "आणि पायऱ्या आहेत तेवढ्याच आहेत." नात हसली. अक्का मात्र अण्णांकडे पाहत राहिल्या.

वाटेत त्यागद ब्रह्मदेव स्तंभ लागतो. चावुंडराय येथे उभे राहून दान देत, असे सांगतात. त्यापुढे एकाच शिळेत कोरलेला 'अखंड बागिलु' हा दरवाजा. त्याच्या माथ्यावर गजलक्ष्मी आहे. शेवटचा तट ओलांडून आत आल्यावर माणूस बोलायचे थांबतो. टेकडीच्या माथ्यावरचाच खडक कोरून घडविलेली सुमारे ५७ फुटांची ती उत्तराभिमुख मूर्ती मांड्यांच्या वर कोणत्याही आधाराविना उभी आहे. पायांशी वारुळे, त्यांतून डोकावणारे सर्प, मांड्यांवरून दंडांपर्यंत चढलेली माधवीची वेल. एवढे सारे अंगावर येऊनही चेहऱ्यावर तक्रारीची रेघ नाही. गंग राजा राचमल्ल यांचे मंत्री आणि सेनापती चावुंडराय यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस, ९८१ च्या सुमारास ही मूर्ती घडवून घेतली.

अण्णांनी मुलांना मूर्तीच्या चरणांजवळची नागरी अक्षरे दाखविली. "श्रीचावुण्डराजें करवियलें," नातीने अक्षर लावत वाचले आणि कर्नाटकातल्या दगडावर आपली भाषा पाहून ती हरखून गेली. मराठीच्या जुन्या शिलालेखांत या ओळीची गणना होते. तिच्या जोडीला गंगराजाने सभोवतालचा सुत्तालय करविल्याचे सांगणारी दुसरी ओळ आहे. हा गंगराज पुढच्या, म्हणजे बाराव्या शतकातला, होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती.

"करवियलें म्हणजे?" नातवाने विचारले.

"करवून घेतलं."

"मग केलं कुणी?"

त्या ओळीत ते नाही, असे अण्णांनी सांगितले. छिन्नी धरणारे हात शेकडो असतील. दगडावर नाव राहिले ते करविणाऱ्याचे. बोलता बोलता अण्णा थांबले. विहीर आणि पाइपलाइन कोणी केली, हा वाद त्यांच्या कानांत अजून ताजा होता.

अक्का तोवर तटाबाहेरच्या एका लहान मूर्तीसमोर जाऊन उभ्या होत्या. ही गुळ्ळकायज्जी. कथा अशी की, पहिल्या अभिषेकाच्या वेळी चावुंडरायांनी घडेच्या घडे दूध ओतले, पण ते मूर्तीच्या मांड्यांखाली उतरेना. तेव्हा एका गरीब वृद्धेने गुळ्ळकायीच्या छोट्या फळाच्या वाटीत आणलेले चमचाभर दूध ओतले आणि त्याने मूर्ती आपादमस्तक न्हाऊन निघाली. चावुंडरायांचा अहंकार गळाला. त्यांनीच त्या आजीची मूर्ती बसविली, असे परंपरा सांगते. अक्का तेथे बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. अण्णा जवळ आले तशा त्या म्हणाल्या, "तुम्ही त्र्याऐंशी सालापासून मला या डोंगराचं सगळं सांगितलंत. हिचं कधी सांगितलं नाहीत." अण्णांना उत्तर सुचले नाही. १९८१ च्या गर्दीत त्यांनी तिच्याकडे पाहिलेच नव्हते.

सूर्यास्तापूर्वी धर्मशाळेत जेवणे आटोपली. मुलांनी गोष्ट मागितली आणि अण्णांनी भरत-बाहुबलींची सांगितली: दोन भाऊ, एक राज्य; सैन्ये लढवून माणसे मारण्यापेक्षा आपणच लढावे म्हणून ठरलेली दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध. तिन्हींत बाहुबली जिंकले. मल्लयुद्धात त्यांनी थोरल्या भावाला डोक्यावर उचलले, पण आपटले नाही. अलगद खाली ठेवले आणि राज्य सोडून तपाला गेले.

"मग भांडण मिटलं?" नातीने विचारले.

"लगेच नाही," अण्णा म्हणाले. "वेली अंगावर चढल्या तरी केवलज्ञान होईना. आपण उभे आहोत ती जमीन भरताची, हे शल्य मनात राहिलं होतं, असं सांगतात. मग भरत स्वतः आला, त्यानं धाकट्या भावाला वंदन केलं, आणि ते शल्य गेलं."

"म्हणजे थोरल्यानं जायला लागतंय," नात म्हणाली. थोरल्याची मुलगी ती. त्यावर कोणी काही बोलले नाही.

दुसऱ्या सकाळी चंद्रगिरी झाली. आचार्य भद्रबाहू आणि त्यांच्यामागून राज्य सोडून आलेले सम्राट चंद्रगुप्त मौर्य यांची स्मृती या टेकडीने जपली आहे. चंद्रगुप्त बसदीतल्या दगडी जाळीवर दोघांच्या जीवनातील प्रसंग कोरलेले आहेत. सल्लेखनेने देह ठेवलेल्यांचे लेख खडकाखडकावर दिसतात. येथे अण्णा आणि अक्का एका झाडाखाली टेकले. आपणही काही सोडायला हवे, आणि ते हातपाय चालतात तोवर, असे तेथे दोघांचे ठरले.

परत आल्यावर अण्णांनी दोन्ही मुलांना एकच पत्र लिहिले. जमीन निम्मी-निम्मी होईल. विहीर आणि पाइपलाइन दोघांची सामाईक राहील. थोरल्याने केलेल्या खर्चाचा हिशेब अण्णांच्या निवृत्तीच्या शिलकीतून चुकता होईल. शेवटची ओळ अक्कांनी सांगितली: "आम्हां दोघांची वाटणी होणार नाही. आम्ही गावच्या घरी राहू आणि बोलवाल तेव्हा येऊ." माघात सातबारा वेगळे झाले. सह्या करताना भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत.

चैत्रात धाकट्याला मुलगी झाली. अक्का दोन महिने पुण्यात राहिल्या, काही दिवस अण्णाही. सातव्या मजल्यावरच्या त्या घरात समोरच्या इमारतीमुळे सूर्यास्त दिसत नसे. घड्याळ पाहून जेवावे लागे. बारशाला थोरला आला नाही. पण आदल्या दिवशी गावाहून एक डबा आला. थोरल्या सुनेने वळलेले डिंकाचे लाडू होते, आणि वरच्या चिठ्ठीवर पुतणीने बाळासाठी तीन नावे सुचविली होती. त्यांपैकी दुसरे नाव ठेवले गेले.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आले. दहा दिवस मंदिरात उत्तम क्षमेपासून ब्रह्मचर्यापर्यंतची धर्मांगे वाचली गेली. भाद्रपद वद्य प्रतिपदेला क्षमावाणी. गावात घरोघरी हात जोडले जात होते. थोरला सकाळपासून घरात नव्हता. अण्णांना वाटले, मळ्यात गेला असेल. दुपारी पुण्याहून धाकट्याचा फोन आला. "अण्णा, दादा आलाय," एवढेच तो म्हणाला, आणि पुढे त्याला बोलता येईना. थोरला पहाटेच्या एसटीने निघाला होता. मुलीला तेवढे सांगून गेला होता आणि तिने ते कोणाला सांगितले नव्हते.

सातबारा आज वेगळेच आहेत. पैशाच्या गोष्टीत भाऊ अजून जपून बोलतात. पण यंदाच्या दिवाळीला धाकटा सहकुटुंब गावी आला. निर्वाणलाडू चढवून मंदिरातून परतताना तान्ही नात अक्कांच्या कडेवर होती आणि पुढे चालणारी दोघे मोठी नातवंडे विंध्यगिरीच्या पायऱ्यांच्या आकड्यावरून अजून भांडत होती. २०३० साली पुन्हा जाऊन नीट मोजायच्या, असे त्यांचे ठरले आहे. अक्कांनी त्यांना होकार दिला आहे. खाली-वर न पळण्याच्या अटीवर.