काम चालू, रस्ताही चालू

निपाणी भागातल्या माणसाचं जिल्ह्याचं गाव बेळगाव; दवाखाना, बस्ता आणि सोयरीक मात्र बऱ्याचदा कोल्हापूरकडची. बेळगाव पंचाहत्तर किलोमीटर, कोल्हापूर चाळीसेक. दोन्हीकडं जायला रस्ता एकच, पुणे-बंगळूर महामार्ग. कागदोपत्री तो केव्हाच 48 नंबरचा झाला, आमच्या तोंडी अजून 'एनएच फोर'च आहे. मी बेळगावात बँकेत नोकरी करतो आणि राहतो वेदगंगेकाठच्या गावात. मांगूर फाट्यावरून निपाणी स्टँडपर्यंत मोटारसायकल, ती तिथं लावायची आणि पुढं बस. बेळगावात खोली करून राहा, असं सांगणारे पुष्कळ भेटले. आई गाव सोडत नाही आणि शेत मला सोडत नाही, त्यामुळं हा रस्ता वाट्याला आला तो आलाच.

2022 च्या फेब्रुवारीत बेळगावात नितीन गडकरींच्या हस्ते जवळपास चार हजार कोटींच्या महामार्ग कामांची कोनशिला बसली. बेळगाव ते संकेश्वर आणि संकेश्वर ते महाराष्ट्र हद्द असा आमचा रस्ता सहापदरी करण्याचं काम त्यातच होतं. बातमी वाचून मला मनापासून बरं वाटलं. कारण तवंदी घाट.

संकेश्वरकडून येताना कणगला मागं पडलं की थोड्या वेळात स्तवनिधी येतं. तिथल्या जैन मंदिराच्या दिशेनं बसमधली निम्मी माणसं हात जोडतात, जैन असोत नसोत. भक्ती असतेच, पण पुढं तवंदीचा उतार आहे हेही खरं. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा ट्रकवाला, मागं वीस-पंचवीस टन माल, ब्रेक तापलेले आणि वळणापलीकडं काय आहे ते दिसत नाही. आमच्या बसचे जुने ड्रायव्हर घाटाच्या तोंडालाच गाडी खालच्या गिअरवर घेतात आणि मागून कितीही हॉर्न वाजला तरी वेग वाढवत नाहीत. सरकारी व्याख्येत 'ब्लॅक स्पॉट' म्हणजे पाचशे मीटरचा असा तुकडा, जिथं तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, नाहीतर दहा माणसं गेली. म्हणजे वळण वाईट आहे हे पटवून द्यायलासुद्धा आधी माणसं मोजून द्यावी लागतात. त्यामुळं घाटात डोंगराला मशीन लागलं तेव्हा धूळ खाऊनही बसमध्ये कोणी कुरकुरलं नाही. त्रास झाला तो सपाटीवर, आमच्या फाट्याजवळ.

सकाळी निपाणीला जाताना माझी बाजू डावीच असते, रस्ता ओलांडायचा प्रश्न येत नाही. संध्याकाळी येताना मात्र पलीकडून यायचं आणि सगळा महामार्ग ओलांडून गावाकडं वळायचं. काम सुरू झालं तसे दुभाजकातले जुने फट-रस्ते बंद झाले, हे योग्यच. पण त्याऐवजी जिथून वळायचं ती जागा आज इथं, महिन्याभरानं तिथं. सर्व्हिस रोड अर्धा झालेला, पुढं मुरमाचा ढीग. मग लोक काय करतात? निपाणीपासूनच उलट्या बाजूनं येतात. पोलिस याला 'राँग साइड' म्हणतात आणि दंड करतात, तो करावाच. पण तीनशे पावलांवर घर दिसत असताना दुचाकीवाल्याला दोन-तीन किलोमीटर पुढं जाऊन वळून ये म्हणणारा नकाशा ज्यानं काढला, त्यानं रात्री एकदा बायको-पोरांना मागं बसवून तो फेरा मारून बघावा.

एका पावसाळ्यातली रात्र सांगतो. बस उशिरा पोचली, स्टँडवरून निघेपर्यंत साडेआठ वाजले. रिमझिम होती. माझ्या पुढं एक दूधवाला, मोटारसायकलला दोन्हीकडं रिकामे कॅन. आदल्या दिवशी सरळ असलेली वाट त्या दिवशी खणली होती आणि वाहतूक उजवीकडं वळवली होती. हे सांगायला तिथं काय होतं? मातीचा एक ढीग आणि त्यात रोवलेली बाभळीची फांदी. प्लॅस्टिकचं लाल-पांढरं पिंप होतं, पण आडवं पडलेलं, चिखलानं माखलेलं. उजेड पडला तरी चमकणार नाही असं. समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे डोळ्यांवर. दूधवाल्याला फांदी दिसली तेव्हा ती त्याच्या हँडलला लागली होती. गाडी मुरमात घसरली आणि दोन्ही कॅन सुटून खणखणत महामार्गावर गेले. एक कॅन ट्रकच्या चाकापुढून निघून पलीकडं गेला, दुसऱ्याचा चपटा पत्रा झाला. माणूस वाचला. गुडघा फुटला होता. आम्ही त्याला उचलून कडेला बसवलं तर विचारतो काय, "कॅन घावले काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी झारखंडचा एक पोरगा लाल झेंडी आणि शिट्टी घेऊन उभा होता. दिवसा. रात्री तो नसायचा, त्याची पाळी संपायची. वाहनांची पाळी काही संपत नाही.

मी तिथल्या सुपरवायझरला गाठलं. भला माणूस होता, चहा मागवला. म्हणाला, "सर, काम संपलं की सगळं लावणार आहे. पट्टे, रिफ्लेक्टर, कॅट आय, लाइट, सगळं डिझाइनमध्ये आहे."

"आणि संपेपर्यंत?"

"संपेपर्यंत सगळ्यांनीच जरा सांभाळून जायचं की हो."

माझं भांडण आहे ते याच वाक्याशी. सहापदरी रस्त्याचं काम काही वर्षं चालतं. तेवढ्या वर्षांत आमच्या गावातली पोरं दहावीची बारावी होतात, त्याच रस्त्यानं कॉलेजला जातात. त्यांच्यासाठी काम चालू असलेला रस्ता हाच रस्ता. इंडियन रोड्स काँग्रेसनं यावर वेगळं पुस्तकच काढलंय, 'एसपी 55'. त्यात काम चालू असलेल्या जागेचे भाग सांगितलेत: आधी बऱ्याच अलीकडं सूचनेचा पट्टा, मग हळूहळू अरुंद होत जाणारी वाट, मग कामाची जागा, आणि शेवटी वाहनाला पुन्हा मूळ वाटेवर आणणारा तुकडा. रात्रीसाठी चमकणाऱ्या खुणा वेगळ्या. यात बाभळीची फांदी कुठंही नाही. सीमाभागात फलकाच्या भाषेवरून भांडणं होतात, मीही त्यात मागं नसतो. पण वळणावरचा चमकता बाण मराठी, कानडी, बिहारी सगळ्यांना वाचता येतो. त्यानं सुरुवात करायला कुणाची हरकत असेल असं वाटत नाही.

कायदाही आहे. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात 198-अ हे कलम आलं. रस्त्याची आखणी, बांधणी, देखभाल ठरलेल्या निकषांप्रमाणं केली नाही आणि त्यातून कुणी मेलं किंवा अधू झालं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. हेल्मेट नसल्याची पावती आमच्याकडं घरटी एक तरी निघेल. या कलमाची पावती बघितलेला माणूस मला अजून भेटायचाय.

आकडे एकाच वर्षाचे देतो. 2022 साली देशात रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांवर माणसं गेली. राष्ट्रीय महामार्ग देशातल्या एकूण रस्त्यांच्या दोन टक्क्यांच्या आसपास, पण मृत्यू त्यांच्यावर छत्तीस टक्के. जवळपास निम्मे मेलेले दुचाकीवरचे. आमचा दूधवाला या हिशोबात येत नाही, कारण तो वाचला.

उसाचा हंगाम सुरू झाला की आणखी एक गोष्ट रस्त्यावर येते. निपाणीचा हालसिद्धनाथ, संकेश्वरचा हिरण्यकेशी, कागलचा शाहू, या सगळ्यांची धुराडी पेटतात आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालतात. मागं दिवा नाही, ऊस ट्रॉलीबाहेर लोंबतोय, आणि टेपवर गाणं इतकं मोठं की मागचा हॉर्न ऐकूच येत नाही. हे ट्रॅक्टर आमच्याच भावकीचे असतात, त्यामुळं इथं ठेकेदार कंपनीला बोल लावून चालत नाही. ट्रॉलीच्या मागं लाल रिफ्लेक्टरची पट्टी लावायला काही शेकडे रुपये पुरतात. एका टनाच्या बिलाच्या मानानं काहीच नाही.

फाट्यावरचा मोठा वाद मात्र भरावाचा झाला. 2019 आणि 2021 च्या पुरात वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आलं आणि रस्ता बंद पडला. आता रस्ता उंच करायचा तर मातीचा भराव घालणार. मग पाणी अडणार कुठं? आमच्या शेतात. म्हणून मांगूर फाट्यावर आणि तिकडं कोगनोळीला दूधगंगेच्या अंगानं, पिलरवरचा पूल करा अशी मागणी उठली. रास्ता रोको झाले. निपाणीला हे नवं नाही. 1981 च्या तंबाखू आंदोलनात शेतकरी याच महामार्गावर मुक्काम टाकून बसले होते, त्या जागेचं आंदोलननगर झालं आणि गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले. पिलरची मागणी मला फक्त शेतीची वाटत नाही. पिलर असले की खालून माणूस, बैल, ट्रॅक्टर, शाळेची पोरं मोकळी ये-जा करतात. भरावात बोगदा ठेवला तर तो एकच, बहुतेक वेळा अंधारा, आणि पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी.

बेळगावात उतरल्यावर वेगळी तऱ्हा. 2016 साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगाव आलं, आणि पुढं कितीतरी वर्षं शहर खणलेलंच बघितलं. आता रस्ते सिमेंटचे झाले, दिवे चांगले आलेत, हे मान्य करतो. पण काही ठिकाणी फूटपाथ एवढा उंच बांधलाय की म्हातारं माणूस चढत नाही, आणि चढलंच तर वर दुचाक्या लावलेल्या असतात. कर्नाटकाच्या शक्ती योजनेत 2023 पासून बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला, तशी स्टँडवर बायकांची गर्दी वाढली. कंडक्टर "मुंद होग्री, मुंद होग्री" करत सगळ्यांना आत रेटतो. चन्नम्मा चौकाकडं चालत जायला निघालेल्या या बायका, कडेवर पोर आणि हातात पिशवी घेऊन, रिक्षा आणि बसच्या मधून रस्ता ओलांडतात. सिग्नल वाहनांचे सेकंद मोजतो. चालणाऱ्याला किती लागतात, ते तिथं कुणी मोजलेले दिसत नाहीत.

सुपरवायझरशी बोलून झाल्यावर मी फोनवर तक्रारही केली. आठवड्याभरात त्या वळणावर चमकत्या पट्टीची पिंपं ओळीनं उभी राहिली आणि रात्री एक लुकलुकता दिवा लागला. पुढच्या वळणावर अजूनही फांदी होती, तिथंही मग तेच करावं लागलं.

म्हणून वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. महामार्गाच्या कामावर उघडा खड्डा, पडलेलं बॅरिकेड, बंद दिवा दिसला तर 1033 ला फोन करा. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत. जागा सांगताना 'निपाणीच्या जरा अलीकडं' म्हणू नका. कडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि जाणारी बाजू सांगा, कोल्हापूरकडची की बेळगावकडची. आणि फोन ठेवण्याआधी तक्रारीचा नंबर मागून घ्या.