पप्पा, मोटर कुठंय?



डिसेंबरात एक दिवसाची सहल केली. मोसंबीला आंबे बहाराचा ताण दिलेला, म्हणजे बागेला पाणी बंद. कापसाची दुसरी वेचणी उरकलेली. पोरं दोन वर्षांपासून किल्ला-किल्ला करत होती. कारभारणीने दशम्या आणि ठेचा बांधून घेतला आणि पहाटेच्या एसटीने आम्ही जालन्याहून निघालो.

आधी दौलताबाद. पोरांनी मेंढा तोफ पाहिली, अंधारीत वटवाघळांना घाबरली, वर चढता चढता दमली. मी मात्र हत्ती हौदापाशी सगळ्यात जास्त वेळ थांबलो. शेतकऱ्याची नजर पाण्याच्या जागेवरच जाते. आपलं ३० बाय ३० चं शेततळं त्याच्यापुढे लहान वाटतं. हौद बघून कारभारीण म्हणाली, "अहो, ज्यानं किल्ला बांधला त्यानं आधी पाण्याचा विचार केला बघा." मी नुसती मान हलवली.

दुपारी संभाजीनगरात परत येऊन पाणचक्की बघितली. खाम नदीच्या काठाला, महमूद दरवाजाजवळ. उंच भिंतीवरून पाणी हौदात पडतंय, हौदाच्या खाली मोठं दालन आहे, ते भर दुपारी गार. बाजूला जातं. पाण्याच्या जोरावर खालचं पात्यांचं चाक फिरायचं आणि वर दळण व्हायचं. फकीर आणि वाटसरूंसाठी तिथं पीठ दळलं जायचं.

माझ्या धाकट्या पोरीने सगळं बघितलं आणि विचारलं, "पप्पा, मोटर कुठंय?"

शेतकऱ्याचीच पोर ती. पाणी वर चढलं म्हणजे मोटर पाहिजेच. मी सांगितलं, मोटर नाही. लांब डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या खापराच्या नळांतून उताराने इथवर आणलंय. उगम उंचावर, म्हणून पाणी इथं भिंतीवर आपोआप चढतं. ह्या गावाला नहरींचं पाणी द्यायची सुरुवात मलिक अंबरने केली. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला माणूस, निजामशाहीचा वजीर झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच आजचं संभाजीनगर. जमिनीचा कस बघून सारा ठरवणारी त्याची जमाबंदी आपण शाळेत शिकलोच. पाणचक्कीची नहर त्याच्यानंतरची, पण रीत तीच.

तिथंच बाकावर एक म्हातारे चाचा बसले होते. ते आमचं ऐकत होते. म्हणाले, "बेटी, नहरीच्या वाटेवर मध्ये मध्ये उंच मनोरे बांधलेत. का, माहीत आहे? नळातली हवा बाहेर पडायला. हवा अडकली की पाणी अडकतं. हवा कोंडली तर नळ फुटतो."

मंडळी, मी तिथं गप्प झालो. कारण सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मी नाल्याकाठच्या विहिरीपासून बागेपर्यंत २,२०० फूट तीन इंची पीव्हीसी पाईपलाईन केली. मध्ये एक टेकाड आहे. फिटर म्हणाला होता, "दादा, टेकाडावर एक एअर व्हॉल्व्ह लागेल, मोटरीजवळ एक लागेल." मी म्हणालो, "कशाला फुकटचा खर्च? पाणी काय हवेला विचारून येतं?"

पुढं व्हायचं ते झालं. मोटर चालू, ५ एचपीची, आणि बागेत पाईप नुसता खोकायचा. दोनदा जॉइंट उडाला. ताण तोडायची वेळ आली तेव्हा आंबवणीचं पाणी निम्म्या बागेला पुरलं नाही, चिंबवणी तर लांबच. फुलं मागं-पुढं आली, बहार विस्कटला. मी गावभर सांगितलं की फिटरनं काम वाईट केलं. त्याच्या मजुरीचे ४,००० रुपये अडवून ठेवले. वर्षभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

आणि इथं तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाने तेच केलं होतं, जे माझ्या फिटरने सांगितलं होतं.

परतीच्या एसटीत झोप लागली नाही. कारभारणीला बोललो, तर ती म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं होतं. तुम्ही ऐकता कुठं?"

रविवारी त्याच्या घरी गेलो. पैसे ठेवले. म्हणालो, चूक माझी होती, गावात जे बोललो तेही चुकीचं होतं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग एवढंच म्हणाला, "व्हॉल्व्ह आणलाय का?"

दुसऱ्या दिवशी दोन्ही बसवले. मोटर चालू केली, टेकाडावर व्हॉल्व्हमधून दोन-तीन मिनिटं फुस्स फुस्स आवाज आला, मग बंद. बागेच्या टोकाला पाईपभर पाणी.

आता कामाचं सांगतो. पाईपलाईन जिथं जिथं उंचावर जाते, त्या प्रत्येक माथ्याला एअर व्हॉल्व्ह लावा. मोटरीजवळ आणि ठिबकच्या फिल्टरपाशीही लावा. पाईपवर टी उभी घ्या, आडवी नको, कारण हवा वरच जमते. दुसरी गोष्ट अशी, की मोटर बंद झाली की पाणी मागं ओढलं जातं. तेव्हा बाहेरची हवा आत घ्यायला जागा नसेल तर ड्रिपरच्या तोंडातून माती आत खेचली जाते आणि ठिबक चोक होतं. व्हॉल्व्ह दोन्ही कामं करतो. वर्षातून एकदा तो उघडून धुवा. किती इंची घ्यायचा ते पाईप आणि डिस्चार्ज बघून जाणकाराला विचारा. माझ्यासारखं अंदाजाने ठरवू नका.

बागेची पानं आता मलूल होऊन गळायला लागलीत, ताण चांगला बसलाय. पुढच्या आठवड्यात आंबवणी द्यायची आहे. फुल एकसारखं निघालं तर फोटो टाकतो, नाही निघालं तरी टाकतो.

तुमच्याकडं टेकाडावरून पाईप गेलाय का? हवेला वाट ठेवलीय का? कमेंटमध्ये सांगा.