मुठा, राब, टँकर

18 जून 2024, मंगळवार
शाळा शनिवारी उघडली. मुंबईत पाऊस नऊ तारखेला पोचला, इकडे भातसानगरच्या बाजूला मात्र नुसता भुरभुरून जातो. तरी ओढ्याकाठी मुठे, म्हणजे खेकडे, निघायला लागलेत. कातकरी वाडीतला चौथीतला एक पोरगा आज डब्यात एक घेऊन आला. सगळा वर्ग त्याच्याभोवती. मी एवढंच विचारलं, "नर की मादी?"
त्यानं नांग्या चुकवून मुठा पाठीमागून धरला, उलटा केला आणि म्हणाला, "मादी, बाई."
"कशावरून?"
त्यानं पोटावरच्या झापडीवर बोट ठेवलं. मादीची झापड रुंद आणि गोल, नराची निमुळती, त्रिकोणी. मग कातकरीत भराभर सांगत सुटला की पिल्लं ती याच झापडीखाली घेऊन हिंडते. दुसऱ्यानं मराठी करून सांगितलं. मागच्या वर्षीच्या नोंदवहीत या मुलापुढे 'प्रतिसाद कमी' असा शेरा आहे. खेकड्याला पाय किती, तो कोणत्या गटातला प्राणी, असं विचारलं असतं तर आजही तोच शेरा पडला असता. 'कशावरून' या प्रश्नात त्याला जे ठाऊक आहे त्याला मान आहे, म्हणून तो बोलला.

21 जून, शुक्रवार
राब, म्हणजे भाताच्या रोपांचा वाफा, पेरण्याआधी का भाजतात? पुस्तकी प्रश्न. वर्ग चिडीचूप. एकजण हळूच म्हणाला, "बाबा भाजतो म्हणून." याला अज्ञान म्हणायचं नाही. आमच्या मुलांच्या कानावर 'का' येतो तो बहुतेक दटावणीतूनच: उशीर का झाला, गणवेश का नाही, काल का आला नाहीस. हा शब्द ऐकला की मान खाली जाते.
म्हणून सगळ्यांना शाळेमागच्या शेतावर नेलं. तिथं वाफ्याचा एक कोपरा भाजायचा राहून गेलेला. काठ्यांचे वीतभर चौकोन केले, दोन्हीकडे ठेवले आणि विचारलं: काय काय दिसतं? गवताच्या काड्या कुठं जास्त? मोजा. तासभर कुणी मान वर केली नाही. परतताना तिसरीतली एक मुलगी स्वतःहून म्हणाली, "आगीनं गवताचं बी मेलं असेल." लगेच दुसरा, "नाही, राखेचं खत झालं." दोघंही हटेनात.
मग मी म्हटलं, "कुणाचं खरं, हे काय केलं तर कळेल?"
बरीच डोकेफोड झाली. शेवटी पत्र्याचे तीन डबे ठरले. एकात साधी माती, दुसऱ्यात साध्या मातीवर राख, तिसऱ्यात तव्यावर भाजलेली, पण बिनराखेची माती. तव्याची कल्पना त्यांची. आग आणि राख वेगळी करून बघायला हवी, हे त्यांनी न शिकवता ओळखलं.

22 जून, शनिवार
रात्री पुन्हा विन हार्लेन यांनी संपादित केलेलं 'प्रायमरी सायन्स: टेकिंग द प्लंज' काढलं. 1985 चं पुस्तक. त्यात योस एल्स्टगेस्ट यांचा प्रश्नांवरचा लेख आहे. आधी लक्ष वेधणारे प्रश्न, मग मोजायला लावणारे, तुलना करायला लावणारे, 'असं केलं तर काय होईल' म्हणणारे. कारण विचारणारे प्रश्न सावकाश, मुलांकडे बोलण्यासारखं काही साठल्यावर. हे मला पूर्ण पटतं. आपल्याकडे गाडी थेट कारणावर जाते आणि कारण म्हणजे धड्याखालच्या दोन ओळी. पाठ केलेल्या कारणानं विचार थांबतो, असं माझं ठाम मत आहे.

2 जुलै, मंगळवार
शिक्षण परिषद. असे प्रश्न विचारत बसलं तर अभ्यासक्रम कधी पुरा करायचा, हा मुद्दा अनेकांनी मांडला आणि तो खोटा नाही. मी मेरी बड रो यांचं काम सांगितलं. 1970 च्या दशकात त्यांनी वर्गांतलं बोलणं टेप करून तपासलं. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंदही थांबत नव्हते. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर उत्तरं लांब येतात, गप्प मुलं बोलतात आणि मुलं उलट प्रश्न विचारू लागतात. दोन जादा सेकंदांनी अभ्यासक्रम मागे पडत नाही. जी मुलं घरची बोली मनातल्या मनात मराठीत फिरवतात, त्यांना तर हे सेकंद द्यायलाच हवेत.

12 जुलै, शुक्रवार
डबे पाहिले. राखेच्या डब्यात गवत माजलंय, भाजलेल्या मातीत जवळजवळ नाही. आगीचा पक्ष खूश. पण रोपं कुठं जोमदार, यावर भांडण मिटलेलं नाही. मिटवणार नाही. आवणी, म्हणजे भातलावणी, चालू आहे, निम्मा वर्ग शेतावर.

29 जुलै, सोमवार
मुंबईतली 10 टक्के पाणीकपात आजपासून उठली. बातमी वाचून दाखवली. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत एकट्या भातसाचा साठा जवळजवळ निम्मा, हे मुलांना पाठ आहे. ते पाणी धरणातून सुटतं, नदीनंच पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं, तिथून उपसून पांजरापूरला शुद्ध होतं, हेही बहुतेकांनी सांगितलं. मग एका मुलीनं विचारलं, "मग आमच्या पाड्यावर उन्हाळ्यात टँकर कशाला?"
मी उत्तर दिलं नाही. शहापूर तालुक्यासाठी भावली धरणातून पाणी आणायची योजना आहे, भावली इगतपुरीत, घाटाच्या वर. एवढं सांगून विचारलं, "भातसा उशाला असताना इतक्या लांबून का आणत असतील?" यावेळी 'का' चालला, कारण डोंगर, नदी, पाडा सगळं त्यांच्या पायाखालचं. वाळूत उतार केले, पाणी ओतलं. पाडे वर, धरणाचं पाणी खाली. उपसायचं तर पंप हवा, वीज हवी, बिल हवं. घाटावरचं पाणी आपणहून उतरेल. पाऊण तासात तिथवर पोचली.

31 जुलै, बुधवार
आज आकडे दिले. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर धरतात, भुयारी गटारं असलेल्या शहरात 135. "शहरातल्या माणसाला तहान जास्त लागते का?" हा पहिला प्रश्न. हसू दिलं नाही. संडास, अंघोळ, कपडे यांना किती बादल्या, याचा हिशेब मांडायला घेतला. टँकरच्या दिवसांत घरात किती हंडे येत, ते आयांना विचारून लिहून आणलंय.
शनिवारी भातसा धरणावर जायचं, उपअभियंत्यांशी बोलणं झालंय. न्यायचे प्रश्न मुलांनीच निवडले. पुस्तकात सापडणारे खोडले, बघून कळतील ते वेगळे काढले. उरले त्यांत पाणी कुणाला किती हे कधी ठरलं, आणि ते बदलायचं असेल तर कुणाला भेटायचं, हे दोन सर्वांत वर आहेत. विचारायचं काम मुठेवाल्या पोरानं मागून घेतलंय.