आंबेमोहराचा वास

12 जून, पौड
आज भात करपला. सर आली म्हणून मी वाळत घातलेले कपडे काढायला पळाले. आबा चुलीपासून चार हातांवर बसलेले. आत आले तर घरभर धूर. "आबा, हाक तरी मारायची!" तर म्हणाले, "मला कुठं वास आला?"

तीन-चार वर्षं त्यांचं एकच पालुपद आहे, आंबेमोहर पहिल्यासारखा राहिला नाही. ज्या वासासाठी मुळशीच्या या तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं, तो वासच गेला म्हणतात. आम्ही कधी बियाण्याला बोल लावला, कधी खताला. आज पातेलं घासताना वाटलं, तांदूळ तोच असेल.

28 जून
रात्री दोनला आबा ओरडले, "हाण, हाण!" लाईट लावला. कॉटवर लाथा झाडत होते, मूठ भिंतीवर आदळून सोललेली. जागे झाल्यावर सगळं नीट सांगितलं: खाचरात रानडुकरं शिरली होती.

सासूबाई दोन वर्षं माजघरात वेगळ्या झोपतात. उकडतं म्हणून, असं आम्ही समजत होतो. सकाळी त्यांनी दंडावरचा काळानिळा डाग दाखवला. "झोपेत लागतं गं. शुद्धीत कधी बोट लावलं नाही त्यांनी." हे त्या दोनदा बोलल्या. दोन वर्षं ही बाई नवऱ्याची अब्रू झाकत होती आणि आम्ही त्याच घरात होतो.

5 जुलै
बँकेतून स्लिप परत. सही जुळत नाही. जुनी सही ठसठशीत, आजची शेवटाकडे बारीक होत मुंगीएवढी झालेली.

20 जुलै
लावणी चालू. आबा बांधावर बसून. धाकटीनं विचारलं, "आजोबा माझ्यावर रागावलेत का?" चेहऱ्यावर काही उमटतच नाही त्यांच्या.

उजवा खांदा 'फ्रोजन शोल्डर' म्हणून वर्षभर शेकतोय. संध्याकाळी मुळेच्या पुलापर्यंत मुद्दाम त्यांच्या मागं चालले. डावा हात झुलतो, उजवा अंगाला चिकटलेला. हात कापत नाहीत, म्हणून कुणाच्याच मनात काही आलं नाही. मी आता वहीत सगळं तारखेनं लिहिते आहे.

11 ऑगस्ट
पुण्याला न्यूरॉलॉजिस्टकडे. चांदणी चौकात बराच वेळ गेला. डॉक्टरबाईंनी वही शेवटपर्यंत ऐकली. मग विचारलं, "पोट साफ होतं का?" सासूबाई म्हणाल्या, "पंधरा वर्षं इसबगोल चालू आहे." ते आमच्या वहीत नव्हतंच. आजार म्हणून कुणी धरलंच नव्हतं.

बाईंनी आबांना चिमटी भराभर उघड-मीट करायला लावली, मनगट फिरवून पाहिलं, चालवलं. पार्किन्सन. रक्ताच्या तपासणीत तो दिसत नाही, असा बघूनच ओळखावा लागतो. थरथर प्रत्येकाला असतेच असं नाही. डोपामिन तयार करणाऱ्या मेंदूतल्या पेशी निम्म्याच्या आसपास गेल्यावर हालचाल बिघडते. वास, झोप, पोट त्याच्या कितीतरी वर्षं आधी बिघडलेलं असू शकतं. स्वप्न पडत असताना शरीर लुळं राहतं, म्हणून आपण जागच्या जागी असतो. आबांचं ते कुलूप सैल झालंय.

मी विचारलं, मग वास गेला की हाच आजार समजायचा का? तसं नाही. वास सर्दीनं जातो, कोविडनं गेला, बद्धकोष्ठता तर घरोघरी. पण झोपेत असे हातपाय झाडणं चालू असेल, तर ते डॉक्टरांना सांगायचंच. दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर मुळीच थांबायचं नाही.

17 ऑगस्ट
वाचलं: लंडनच्या जेम्स पार्किन्सननं 1817 मध्ये सहा जणांवरून हा आजार मांडला. त्यांतले काही त्यानं नुसते रस्त्यात पाहिलेले. चाल, वाक, थरथर बरोबर टिपली, झोप आणि पोटाचंही लिहिलं. पण ज्ञानेंद्रियं शाबूत राहतात, असंही म्हणाला. परक्याच्या नाकाचं रस्त्यातून काय कळणार? ते भाताशेजारी बसलेल्या माणसालाच कळायला हवं होतं. मला हे लागून राहिलंय.

2 सप्टेंबर
शेजारच्या काकांनी खाजकुइलीच्या बियांची पूड आणली. आपल्याच डोंगरातली. तिच्यात लेव्होडोपा असतो हे खरं, आबांच्या गोळीतही तोच आहे. म्हणूनच घरची पूड वर द्यायची नाही, किती पोटात जातो ते कळत नाही. काकांना तसं सांगितलं, चहा दिला.

गोळीनं खांदा मोकळा झालाय. सही अजून बारीकच आहे, पण बटणं स्वतः लावतात.

24 सप्टेंबर
पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथं रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. सासूबाईंनी तो शब्द दोन-तीनदा म्हणून पाहिला. आता त्या पुन्हा त्याच खोलीत झोपतात, आपला बिछाना जरा लांब घालून. कॉट काढून आबांची गादी खाली घातली, भिंतीला उशा लावल्या.

10 ऑक्टोबर
भात फुलोऱ्यात. आबा बांधावर गेले, उभे राहिले, मला म्हणाले, "आलाय का गं?" आलाय, मी म्हणाले. गोळीनं वास परत येत नाही.

खाजकुइलीवाले काकाही होते. "मलाही हल्ली कसला वास येत नाही," म्हणाले. मी विचारलं, "रात्री झोपेत हातपाय झाडता का?" ते हसले. काकू हसल्या नाहीत.

आबांचा पुढचा नंबर मंगळवारचा आहे. त्याला जोडूनच काकांचाही लावला.