माया

परमुलखात नोकरी करणाऱ्याचे नाव अर्धे त्या मुलखाच्या स्वाधीन होते. उच्चार तो करतो आणि अर्थही बहुधा तोच लावतो. १९८३ साली आम्ही भिलाईस बदलून आलो, तेव्हा आमच्या मुलीच्या नावावरून याचा प्रत्यय आला.

तिचे नाव माया. शाळेत नाव घालण्याच्या सुमारास एका उत्तरेकडील स्नेह्यांनी हितबुद्धीने सुचविले, "भाईसाहब, नाम बदल दीजिए, माया तो छलावा है." संतवाणीवर पोसलेल्या त्यांच्या कानाला त्या शब्दात भूल आणि द्रव्य एवढेच ऐकू येई. वेदान्तातील माया आम्हांस ठाऊक नव्हती असे नाही. 'बरीच माया जमविली' असे आपणही म्हणतोच. परंतु मराठी घरात माया म्हणजे आधी जिव्हाळा. शिंपीसुद्धा शिवणीत थोडी माया सोडतो आणि पोर वाढले की तीच कामी येते. हे सारे हिंदीत कसे सांगावे?

भिलाईत या नावाला आणखी एक ओळख होती. २ फेब्रुवारी १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून येथील पोलाद कारखाना उभा राहिला. पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली आणि रशियन तंत्रज्ञांची कुटुंबे येथे राहू लागली. त्यांच्याकडेही मुलींना माया म्हणतात. विख्यात नर्तकी माया प्लिसेत्स्काया (१९२५–२०१५) त्याच नावाची. ते नाव मे महिन्याशी आणि माया या प्राचीन देवतेशी जोडले जाते. ग्रीक भाषेत हाच शब्द दाई व सुईण यांनाही लावीत. अर्थ किती जवळ आला! तथापि हे साम्य योगायोगाचे. त्या शब्दाचे कूळ निराळे.

खरे नाते सापडले ते घरातच. धुणेभांडी करावयास येणाऱ्या बाई जवळच्या खेड्यातल्या. मुलीचे नाव ऐकताच त्यांनी तिला 'मया नोनी' म्हणून जवळ घेतले. नोनी म्हणजे पोर, आणि छत्तीसगढीत मया म्हणजे प्रेम. नेपाळीतही माया प्रेमालाच म्हणतात. एकाच संस्कृत शब्दाने सह्याद्रीपासून हिमालयापर्यंत हा जिव्हाळ्याचा अर्थ धरला आहे आणि आमच्या दाराबाहेरच्या भाषेतही तो जिवंत होता.

शाळेत 'माया' हेच नाव लागले.

आम्हां अधिकाऱ्यांचा दिवस कचेरीच्या हिंदी-इंग्रजीत जातो. त्यामुळे ज्या भूमीचे अन्न खातो तिची भाषा कानावर पडूनही ऐकू येत नाही. ती भूमी तेव्हा मध्यप्रदेशात होती. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे तिचे राज्य झाले. पण राज्य नव्हते तेव्हाही मया होतीच. बदलीच्या गावी आपल्या नावाचा अर्थ कोणी विचारला, तर उत्तर देण्यापूर्वी तेथल्या मातीची बोली थोडी ऐकून घ्यावी. कदाचित तो अर्थ तेथे आपल्या आधीच नांदत असेल.