चौथा सिंह

आमच्या घरात सिंहांची दहशत २००४ साली शिरली. त्या वर्षी दादा केंद्र सरकारच्या एका कचेरीतून निवृत्त झाले आणि नावाच्या स्पेलिंगमधल्या एका अक्षरापायी त्यांची पेन्शन अडली. मी नुकताच कॉलेजात मराठी शिकवू लागलो होतो. मराठीच्या मास्तराच्या घरावर इंग्रजीने असा सूड उगवावा!

दोन-तीन महिन्यांनी एक तपकिरी पाकीट येई. आतल्या कागदावर वरती तीन सिंह, त्यांखाली 'सत्यमेव जयते' आणि त्याखाली नकार. दादा आधी त्या चित्राकडे पाहत आणि म्हणत, "सिंह चार आहेत म्हणे. तीन हे इथे दिसताहेत. चौथा माझ्या फायलीवर बसलाय!"

अडीच वर्षांनी तो उठला.

दादा गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी घेऊन आम्ही काशीला गेलो. तिथून सारनाथ जेमतेम दहा किलोमीटर. संग्रहालयाच्या दालनात शिरलो, तो समोर ते अशोकस्तंभाचे शीर्ष! सुमारे सात फूट उंच, आणि सव्वादोन हजार वर्षांनंतरही दगडाला अशी झिलई की हात लावायचा मोह आवरावा लागतो. आमची मुलगी मात्र तडक मागच्या बाजूला गेली. तिला आजोबांचा सिंह पाहायचा होता.

मीही गेलो. चौथा सिंह हुबेहूब इतर तिघांसारखा. तशीच आयाळ. त्याच्या पायाखालच्या पट्टीवरही चक्र आहेच. आपल्या झेंड्यावरचे चोवीस आऱ्यांचे चक्र या पट्टीवरूनच घेतलेले. पुढच्या बाजूचे बैल आणि घोडा आपल्या राजमुद्रेवर आले; हत्ती आणि धाकटा सिंह बिचारे मागेच राहिले.

पण मला खरा धक्का बसला तो निराळ्याच गोष्टीने. या चौघांच्या डोक्यावर मुळात एक मोठे दगडी चक्र होते, बत्तीस आऱ्यांचे. त्याचे तुकडे तेवढे मिळाले. बुद्धाने पहिला उपदेश केला तो याच गावी. ते चक्र त्या धर्माचे. म्हणजे सिंह हे शिखर नव्हतेच! ते ओझे वाहणारे होते, आमच्या स्टेशनवरच्या हमालांसारखे. २६ जानेवारी १९५० रोजी ही राजमुद्रा स्वीकारली, तेव्हा खालचे कमळ वगळले, मुंडकोपनिषदातले वचन जोडले. वरचे चक्र तर केव्हाच फुटले होते. तेव्हापासून कागदावरच्या सिंहांच्या डोक्यावर काही नाही. दादांना आलेल्या पत्रांतला तो ताठा मला त्या दालनात एकदम समजल्यासारखा वाटला. यावर इतिहासाचे प्राध्यापक हसतील, हसोत.

"बाबा, हा तर काहीच करत नाहीये," मुलगी चौथ्या सिंहाकडे पाहत म्हणाली. तिला काय सांगणार?

घरी परतल्यावर आईच्या फॅमिली पेन्शनचा अर्ज भरायचा होता. दादांच्या नावाचे स्पेलिंग मी तीनदा तपासले आणि चौथ्यांदा मुलीकडून तपासून घेतले.