पत्र आणलंय का?

शेजारच्या घरात परवा काळ्या मनुका उकळत होत्या. त्यांच्या मुलीचं हिमोग्लोबिन कमी आलं होतं आणि कुणीतरी मनुकांचं पाणी द्यायला सांगितलं होतं. जिन्यात तो वास आला आणि मी भाजीची पिशवी घेऊन तशीच कठड्याला टेकून उभी राहिले. गोड, जडसर, किंचित करपट वास. तो मला थेट नगरच्या घरात घेऊन गेला, महिन्यातल्या पहिल्या शनिवारच्या संध्याकाळी.

आमच्या मंडळीत पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे आणि त्याचा रस करण्याचं काम आईकडे होतं. ती सकाळीच मनुका निवडून भिजत घालायची. संध्याकाळी मंद आचेवर उकळायची, निवल्यावर हाताने कुस्करायची आणि मलमलच्या फडक्यातून गाळायची. चोथा आम्हा मुलांना मिळे, रसाला मात्र बोट लावायचं नाही. रविवारी तो रस अंगठ्याएवढ्या काचेच्या पेल्यांत भरला जाई. पेल्या भोकाभोकांच्या ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये बसवायच्या आणि पंचांनी तो ट्रे बाकाबाकावरून फिरवायचा. प्यायल्यावर पेल्या परत ठेवल्या जात, तेव्हा सगळ्या देवळात बारीक किणकिण व्हायची. त्या पेल्या धुवायलाही आईच बसे. मी पुसायला.

मद्याच्या जागी रस कसा आला, हे मी फार उशिरा वाचलं. १८६९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत थॉमस वेल्च नावाच्या दंतवैद्याने द्राक्षरस तापवून तो आंबू न देण्याची युक्ती काढली. तो मेथडिस्ट होता आणि प्रभूच्या मेजावर मद्य नको, ही त्याची तळमळ होती. छोट्या पेल्या त्यानंतरच्या, १८९० च्या दशकातल्या. रोगजंतूंची माहिती तेव्हा नवी होती आणि एकाच प्याल्याला सगळ्यांनी ओठ लावायची तिथल्या लोकांना धास्ती वाटू लागली होती.

आजोबांना त्या पेल्या कधीच आवडल्या नाहीत. ते ज्या गावात जन्मले तिथे महारांनी विहिरीला हात लावायचा नव्हता. कुणी वरून ओतलं तर ओंजळीत घ्यायचं, नाहीतर तहानेलं परतायचं. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं ते १९२७ साली, आजोबा तेव्हा तरुण होते. त्याआधी लहानपणीच त्यांनी मंडळीत एक मोठा प्याला हातोहात फिरताना पाहिला होता. महार, मांग, एखादा ब्राह्मण मास्तर, सगळ्यांचे ओठ त्या एका कडेला लागत होते. "मला सुवार्ता उपदेशातून नाही कळली, त्या प्याल्याच्या कडेवर कळली," असं ते म्हणत. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त आपलं सोवळं कसं गळत गेलं ते लिहिलं आहे. ते वाचताना मला नेहमी त्याच प्याल्याची दुसरी बाजू दिसते. कुणाला तिथवर पोहोचायला खालून चढून यावं लागलं, कुणाला वरून उतरून.

म्हणूनच त्या एका रविवारी जे घडलं ते माझ्या मनातून जात नाही.

१९७९-८० च्या सुमाराची गोष्ट. गावातल्या इस्पितळात केरळहून एक नर्स आली होती. सगळे तिला सिस्टर म्हणत. तिला मराठी येत नव्हतं, पण गीत सुरू झालं की चाल तिच्या ओळखीची निघे आणि ती आपल्या भाषेत मोठ्याने म्हणे. आई सरकून तिला बाकावर जागा देई. पहिला रविवार आला. माझा अजून मंडळीत स्वीकार झालेला नव्हता, त्यामुळे ट्रे माझ्यासमोरून पुढे जाणार हे ठरलेलंच होतं. आईने पेली घेतली. सिस्टरने हात पुढे केला. पंचांनी ट्रे आपल्याकडे ओढून घेतला आणि हळू आवाजात विचारलं, "पत्र आणलंय का?"

तिला काही कळलं नाही. ती हसली. हात तसाच पुढे राहिला. ट्रे मागच्या बाकाकडे गेला.

उपासनेनंतर दारात सलाम करायला पंच उभे होते. आई त्यांच्यासमोर थांबली आणि म्हणाली, "रस मी काढलाय. कमी पडणार असता तर मी आधीच सांगितलं असतं." एवढंच. त्या दिवशी सिस्टर आमच्याकडे जेवायला होती.

ते पंच मोठे सेवाभावी होते. दुष्काळात त्यांनी किती घरांत धान्य पोचवलं ते मला माहीत आहे. तरीही तो मागे ओढलेला ट्रे मी त्यांना माफ करू शकलेले नाही आणि वय वाढल्याने तो राग कमी होईल असंही दिसत नाही.

पत्र म्हणजे आधीच्या मंडळीचा दाखला. अमुक व्यक्ती आमची सभासद असून चांगल्या वर्तणुकीची आहे, अशी पाळकांची सही. त्याचा उपयोग मला मान्य आहे. मंडळीच्या सभेत मत द्यायचं, लग्नाची नोंद करायची, दफनभूमीत जागा मागायची, तर नाव कुठेतरी लिहिलेलं हवं. स्कॉटलंडमधल्या प्रेसबिटेरियन मंडळ्या याच्याही पुढे गेल्या होत्या. प्रभुभोजनाआधी वडीलमंडळी सभासदांची परीक्षा घेत आणि पात्र ठरणाऱ्याला धातूचा एक बिल्ला देत. बिल्ला नसेल तर मेजाशी जागा नाही. शेकडो वर्षं ही रीत चालली. माणसाला दारात अडवायची हौस फार जुनी आहे आणि ती श्रद्धाळू माणसांतच जास्त असते.

याचं दुःख मला एवढ्यासाठी होतं की प्रोटेस्टंट पंथाच्या जन्मातच प्याल्याची लढाई आहे. १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मसभेने सामान्य भाविकाला फक्त भाकर द्यायची, प्याला धर्मगुरूनेच घ्यायचा, असं ठरवलं. त्याच वर्षी त्याच गावात यान हुस याला जिवंत जाळलं. बोहेमियातल्या त्याच्या अनुयायांनी झेंड्यावर प्याल्याचं चित्र घेऊन युद्धं केली. पुढे शंभर वर्षांनी ल्यूथर आला. पण प्रोटेस्टंटांमध्येही मेजावर एकमत झालं नाही. १५२९ मध्ये मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंगली भेटले, पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर जुळलं, आणि पंधराव्यावर, म्हणजे भाकरीत ख्रिस्त नेमका कसा हजर असतो यावर, दोघे वेगळे झाले. ज्या मेजाभोवती एकत्र यायचं, तिथेच ती फाटाफूट झाली.

आणि आपल्याकडचे पंथ? ते तर बहुतेकांनी निवडलेलेही नाहीत. मिशनांनी आपापसांत मुलूख वाटून घेतला होता. नगर-सोलापूर अमेरिकन मराठी मिशनकडे, म्हणून आम्ही काँग्रिगेशनल. कोल्हापूर-सांगली अमेरिकन प्रेसबिटेरियनांकडे, जालना स्कॉटिश लोकांकडे, नाशिक अँग्लिकनांकडे, यवतमाळ फ्री मेथडिस्टांकडे. माझे पणजोबा पोटासाठी गोदावरी ओलांडून पलीकडे गेले असते, तर मी जन्माने दुसऱ्या पंथाची असते. तुम्ही कुठल्या चर्चचे, हा प्रश्न खरं तर तुमचे पणजोबा कुठल्या तालुक्यात राबत होते, एवढाच आहे.

हे ओळखणारी माणसंही होती. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा मंडळ्यांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केलं. त्यात अँग्लिकन, आमच्यासारखे काँग्रिगेशनल आणि प्रेसबिटेरियन मिळून आधीच एक झालेले, बाप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट होते. तान्ह्या लेकराला बाप्तिस्मा देणारे आणि कळत्या वयातच देणारे, या दोघांनी एकमेकांची रीत मान्य केली. केवढी मोठी गोष्ट ही! या एका मुद्द्यावरून युरोपात माणसं बुडवून मारलेली आहेत. वडील नागपूरला गेले होते. परत आल्यावर आईने विचारलं, काय बदललं? ते म्हणाले, "आता मेज एक." अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र अगदी अखेरीस बाहेर राहिले. वडील त्यामुळे कित्येक दिवस खिन्न होते.

सिस्टर मार थोमा चर्चची होती. हे मला तेव्हा माहीत होतं, त्याचा अर्थ माहीत नव्हता. नॉर्थ इंडिया, साउथ इंडिया आणि मार थोमा या तीन चर्चनी १९७८ मध्येच संयुक्त परिषद स्थापन केली होती, एकमेकांचे पाळक आणि एकमेकांचं मेज मान्य केलं होतं. म्हणजे त्या रविवारी तिचा हात पुढे आला तो पूर्ण हक्काने आला होता. थोड्याच महिन्यांत ती बदलून गेली. पुढे ती कुठे असेल याचा मला पत्ता लागला नाही.

मी लग्न होऊन पुण्यात आले ती मेथडिस्ट घरात. वडिलांना ज्यांचं दुःख होतं, त्यांच्यातच. पर्समध्ये पत्र होतं. नगरला ट्रे आपल्याकडे येई, इथे वेदीपुढच्या कठड्यापाशी जाऊन गुडघे टेकायचे होते. मी बाकावरच अवघडून बसले होते. पलीकडच्या एका म्हाताऱ्या बाईंनी माझं मनगट धरलं, "चल गं पोरी," म्हणाल्या आणि आपल्या शेजारी टेकवलं. पाळकसाहेबांनी भाकर दिली, पेली दिली, चेहऱ्याकडे पाहून किंचित हसले. पत्र त्यांनी मागितलं ते नंतर केव्हातरी, घरी चहाला आले तेव्हा. त्या बाई आता नाहीत. त्यांच्या घरी मी फार वेळा गेले नाही, पण त्या हाताइतका भक्कम आधार मला या शहरात दुसऱ्या कुणी दिला नाही.

शब्बाथ शाळेत मी मुलांना शिकवते ते थोडकंच आहे. तारण कृपेने मिळतं, विश्वासाने घ्यायचं, ते कमावता येत नाही. पवित्र शास्त्र हा अखेरचा आधार. देवापाशी जायला ख्रिस्ताखेरीज मध्यस्थ लागत नाही. विधी दोन, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. यातलं काहीही नगरच्या पंचांना अमान्य नव्हतं. यातला गाभा सिस्टरलाही अमान्य नव्हता.

स्वागत म्हणजे आग्रहही नव्हे. माझी एक मैत्रीण वसईची, कॅथलिक. माझ्या मुलीच्या स्वीकाराच्या रविवारी ती आली होती. तिच्या चर्चच्या नियमाप्रमाणे तिला आमच्या मेजावर घेता येत नाही. आमची मंडळी आता बाकावरच ट्रे फिरवते. तो तिच्यापर्यंत आला, तिने दोन्ही हातांनी धरला, डोकं लववलं आणि पुढच्या माणसाकडे दिला. तिचा नियम तिने पाळला, आमचा ट्रे आम्ही तिच्यापासून लपवला नाही. मला ते फार आवडलं.

ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनपासून वेगळं होऊन 'देवाचा दरबार' उभारायला घेतला, तेव्हा बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले ख्रिस्तभक्त त्यात शेजारी बसावेत, अशी त्यांची इच्छा होती. दोनच वर्षांत ते गेले. आमच्या मंडळ्यांकडे मी त्या मानाने फार थोडं मागते. ज्याचा बाप्तिस्मा झालेला आहे, ज्याचा विश्वास तोच आहे, त्याला फक्त दुसऱ्या गावच्या देवळातून आला म्हणून अडवू नये, एवढंच.

आता पुण्यात, पिंपरीत, ठाण्यात कामासाठी आलेली किती मुलं रविवारी मागच्या बाकावर बसलेली दिसतात. ओडिशाची बाप्टिस्ट, मिझोरामची प्रेसबिटेरियन, आंध्रची लुथरन. दाखला आणायचा असतो हेही त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मंडळीच्या पंचांना माझी हात जोडून विनंती आहे. येत्या पहिल्या रविवारी ट्रे आधी त्यांच्यापुढे धरा. नाव, गाव आणि पत्र उपासना सुटल्यावर विचारा, आणि विचारताना जेवायला घरी बोलवा.